लेकराच्या तोंडी कोणाचे शब्द?

पाच वर्षांचे मूल वाईट असू शकते काय? हा प्रश्न एखाद्या विद्वानाने विचारला असता, तर आम्ही पुस्तके उघडून बसलो असतो. पण तो विचारला एका आईने, तोही दूरध्वनीवरून, २०२० सालच्या जून महिन्यातील एका दुपारी. आमच्या शब्बाथ शाळेत लहान मुलांचा वर्ग घेणाऱ्या बाईंना तिने फोन केला होता. तिचा आवाज दबलेला होता, कारण घर दोन खोल्यांचे, पलीकडच्या खोलीत नवरा निजलेला, आणि तो जागा होऊ नये अशी तिची धडपड. ती म्हणाली, "बाई, आमचं पोर वाईट निघालं. काय करू ते सांगा."

आम्ही तिला उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे होते. ते का चुकले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. ज्या मंडळीत शब्बाथ शाळा चालते, तेथे हा प्रश्न आज ना उद्या दाराशी येतोच.

हैदराबाद शहराला साथ नवी नाही. १५९१ साली उभा राहिलेला चारमिनार हा एक साथ ओसरल्याच्या आठवणीखातर बांधला गेला, असे परंपरा सांगते. पण साथीच्या दिवसांत घराघरांतील लेकरांवर काय गुदरले याचे स्मारक कोणी बांधत नाही. ते आईबापांनीच आठवायचे असते, आणि बहुतेकदा आईबापांना ते विसरावेसे वाटते.

तेलंगणात करोनाचा पहिला रुग्ण २ मार्च २०२० रोजी आढळला. १४ मार्चला राज्य सरकारने शाळा बंद ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हा ती सुट्टी महिनाअखेरपर्यंतची होती. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. महिनाअखेरीची ती सुट्टी लहान वर्गांच्या मुलांसाठी १ सप्टेंबर २०२१ पर्यंत लांबली. म्हणजे जे मूल साडेचार वर्षांचे असताना घरी आले, ते पुन्हा शाळेत गेले तेव्हा सहा वर्षांचे झाले होते. आयुष्याचा चौथा हिस्सा त्याने चार भिंतींत काढला. मोठ्या माणसाच्या दीड वर्षाशी त्या दीड वर्षाची तुलना होऊच शकत नाही.

ज्या आईने फोन केला तिचे घर काचीगुड्याच्या बाजूला आहे. कुटुंब मूळचे उदगीरकडचे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा या शहरात येऊन राहिलेली अशी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतली ख्रिस्ती कुटुंबे मात्र थोडी आणि विखुरलेली. नवरा शाळेच्या मुलांना ऑटोने नेण्याआणण्याचे काम करी. बायको एका लहानशा खाजगी शाळेत बालवर्गाला शिकवी. शाळा बंद होताच ऑटो दारात उभी राहिली, आणि दोन महिन्यांनी बायकोचा पगारही थांबला. एकाच दारातून दोघांची मिळकत गेली. नवऱ्याची आई, जी एरवी मुलांना सांभाळी, ती फेब्रुवारीत गावी गेली होती. रेल्वे आणि एस. टी. थांबल्यावर ती उदगीरलाच अडकली. घरात उरले चौघे : आई, बाप, पाच वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये पांढऱ्या रेशनकार्डावर माणशी १२ किलो तांदूळ आणि कुटुंबाला १,५०० रुपये मिळाले. मंडळीनेही डाळ, तेल, साबण घरोघर पोहोचविले. त्या घरात कोणी उपाशी निजले नाही. पण ऑटोच्या कर्जाचा हप्ता होता, घरभाडे होते, आणि रात्री दोन वाजेपर्यंत छताकडे पाहत पडलेला एक माणूस होता.

मुलाचे काय बिघडले होते? आईने यादीच सांगितली. दोन वर्षांपूर्वी सुटलेली अंथरुणात लघवी करण्याची सवय परत आली होती. भाताचे ताट ढकलून देई. आई संडासात गेली तरी दाराबाहेर बसून रडे. आणि सर्वांत वाईट म्हणजे बहिणीला मारी. त्या दिवशी सकाळी लहानगीने त्याच्या वाट्याचे बिस्किट उचलले, तेव्हा त्याने तिला भिंतीवर ढकलले आणि ओरडला, "फुकट खायला बसलेत सगळे! माझं डोकं फिरवू नका!"

आम्ही त्या आईला सांगितले की, मूल लाडावले आहे. शाळेची शिस्त नाही, म्हणून असे होते. जरा धाक दाखवा. त्याच्या बापाला सांगा. एकदा नीट समज मिळाली की ठिकाणावर येईल.

वाचकहो, या उत्तरात काय राहून गेले ते पाहा. पाच वर्षांच्या मुलाने "फुकट खायला बसलेत सगळे" हे वाक्य कोठून आणले, हे आम्ही विचारले नाही. तीन वर्षांच्या बहिणीला उद्देशून त्याने "बसलेत सगळे" असे अनेकवचन का वापरले, हेही आमच्या ध्यानात आले नाही. ते वाक्य त्याचे नव्हते. ते जसेच्या तसे बापाचे होते, आणि बाप ते त्याच्या आईला म्हणत असे. बापाने म्हटले तेव्हा त्याला कोणी शिक्षा केली नाही. मुलाने म्हटले तेव्हा आम्ही शिक्षा सांगितली, आणि ती करायला सांगितली त्याच बापाला.

शिक्षा झाली. ती किती झाली हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. महिनाभराने आईचा पुन्हा फोन आला. मुलगा आता ऐकतो, बहिणीला हात लावत नाही, कोपऱ्यात गप्प बसून असतो, असे सांगून तिने आमचे आभार मानले. आम्हीही देवाचे आभार मानले. सप्टेंबरमध्ये दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवर आणि टी-सॅटवर मोठ्या मुलांचे धडे सुरू झाले. आमच्या बाईही रविवारी मोबाईलवर लहान मुलांना गोष्ट सांगत. त्या पडद्यावर हा मुलगा सर्वांत शांत दिसे. एकदा त्याचे उदाहरण इतरांना दिल्याचेही आम्हांला आठवते.

वाहने सुरू झाल्यावर ऑक्टोबरात आजी परत आली. तिने दोन दिवस नातवाकडे पाहिले आणि सुनेला म्हणाली, "हे पोर शहाणं झालं नाही गं, भ्यालंय."

शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईला जे दोन दिवसांत दिसले, ते आम्हांला चार महिने दिसले नाही. तिने फक्त मुलाकडे पाहिले होते. आम्ही मुलाच्या वर्तणुकीकडे पाहत होतो, आणि वर्तणूक शांत झाली की मूल बरे झाले असा आमचा हिशोब होता.

यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले. माणसांना हे पूर्वीही कळले होते असे दिसले. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील हॅम्पस्टेड भागात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी युद्धामुळे घर सुटलेल्या मुलांसाठी बालगृहे चालविली. बॉम्बच्या वर्षावापेक्षा आईपासून झालेली ताटातूट लहान मुलाला अधिक मोडते, आणि बॉम्ब पडत असताना मूल किती घाबरते हे बरेचसे आईच्या चेहऱ्यावर अवलंबून असते, असे त्यांना रोजच्या अनुभवातून दिसून आले. लहान मुलाला जग थेट दिसत नाही. ते त्याला घरच्या माणसांच्या तोंडावर दिसते.

अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० नंतरच्या दशकात एक साधा प्रयोग केला. काही महिन्यांच्या बाळाशी आई हसतखेळत असते. मग तिला सांगितले जाते की, दोन-तीन मिनिटे चेहरा दगडासारखा ठेव, बाळाला प्रतिसाद देऊ नकोस. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, आणि शेवटी तोंड फिरवून रडू लागते. मग आई पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागते आणि बाळाला जवळ करते. रुसलेले बाळ हळूहळू तिच्याकडे परत येते. या प्रयोगाचा हा शेवटचा भाग आपण लक्षात ठेवावा, कारण त्याचा पुढे उपयोग आहे.

ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३० नंतरच्या मोठ्या मंदीत कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात जी मुले वाढली, त्यांची ती हकिकत आहे. पुढे रँड काँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोवा राज्यातील शेतकरी कुटुंबांचा असाच अभ्यास केला. दोहोंतून एकच साखळी हाती लागते. पैशाची ओढाताण होते, त्याने आईबापांचे मन खचते, खचलेल्या मनाने ती एकमेकांवर खेकसतात, मग मुलांशी कठोर होतात किंवा त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि शेवटी मुलाची वागणूक बिघडते. गरिबी थेट मुलापर्यंत पोहोचण्याआधी आईबापांच्या मनातून जाते. म्हणूनच ज्या घरी नवराबायकोने एकमेकांना धीर दिला, तेथे तितकाच तोटा होऊनही त्याची झळ कमी लागली.

करोनाच्या साथीतही हेच दिसू लागले. चीनच्या शान्शी प्रांतात फेब्रुवारी २०२० मध्येच ३ ते १८ वर्षांच्या ३२० मुलांविषयी पाहणी झाली. चिकटून राहणे, लक्ष न लागणे आणि चिडचिड ही लक्षणे तेथे सर्वांत जास्त आढळली. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत चिकटून राहणे आणि घरातल्या कोणाला रोग होईल ही भीती मोठ्या मुलांपेक्षा अधिक होती. आमच्या त्या आईने सांगितलेली यादी यांच्यापुढे ठेवली असती, तर त्यांना तिच्यात नवल वाटले नसते. आम्ही मात्र तिला लाड म्हणालो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलाने बहिणीला मारले, यात दोष कोणाचा?

मुलाचा म्हणावे, तर शब्दही उसने आणि रागही उसना. मग बापाचा म्हणावे काय? हे उत्तर आज अनेकांना पटते, आणि आजीचे बोलणे कळल्यावर आम्हीही काही दिवस मनात बापालाच आरोपी करून ठेवले. पण त्या माणसाला आम्ही ओळखतो. तो दारू पीत नाही. शाळेच्या मुलांना ऑटोत बसविताना प्रत्येकाचे दप्तर स्वतः आत ठेवणारा तो माणूस आहे. त्याची कमाई कोणी चोरली नाही, आणि त्यानेही उधळली नाही. एका सकाळी ती बंद झाली, इतकेच. त्याला दोष द्यावा तर तो म्हणेल, शाळा बंद झाली. शाळा म्हणेल, सरकारने बंद केली. सरकार म्हणेल, रोग आला. अशा रीतीने दोष वर सरकत सरकत एका अदृश्य विषाणूवर जाऊन बसतो, आणि खाली कोणीच जबाबदार उरत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या बागेतली हकिकत आपण मुलांना शिकवितो. तेथे पुरुषाने बोट स्त्रीकडे दाखविले आणि स्त्रीने सर्पाकडे. दोष पुढे ढकलण्याची ही रीत मानवजातीइतकीच जुनी आहे. टाळेबंदीतल्या घरात तिला आणखी एक वळण मिळाले. दोष सांगायला माणूस वर बोट दाखवी, पण राग काढायचा तर तो खाली निघे. बापाचा राग आईवर, आईचा मुलावर, मुलाचा बहिणीवर. तीन वर्षांच्या मुलीच्या खाली मात्र कोणी नव्हते. तिने आपल्या बाहुलीचा हात उपटला, असे आजीने आम्हांला सांगितले.

येथे आम्हांला दोष आणि जबाबदारी यांत फरक करावासा वाटतो. दोष ही मागे पाहण्याची गोष्ट आहे. कोणामुळे झाले, हे ती विचारते. तिचे उत्तर पुष्कळदा अनेकांत वाटले जाते, आणि कधी सापडतही नाही. जबाबदारी विचारते की हे आता कोणापाशी थांबेल. या प्रश्नाला उत्तर असते. ज्याच्यापाशी थांबविण्याची ताकद अधिक, त्याच्यापाशी ते थांबले पाहिजे. पाच वर्षांच्या मुलाला आपला राग कोठून आला हे कळत नाही, आणि कळले तरी सांगायला शब्द नसतात. बापाला कळू शकते. म्हणून साथ आणण्यात बापाचा काहीही हात नसला, तरी साथीने आणलेला राग मुलापर्यंत जाऊ न देणे हे काम त्याचे आहे. "मी परिस्थितीमुळे मारले" हे कारण म्हणून खरे असेल, पण सबब म्हणून ते टिकत नाही. मारणारा हात परिस्थितीचा नव्हता.

कोणी म्हणेल, तर मग मुलाला काहीच बोलायचे नाही काय? बहिणीला भिंतीवर ढकलले ते चालू द्यायचे? मुळीच नाही. ती तीन वर्षांची मुलगीही लेकरूच आहे, आणि तिला सांभाळणे हे पहिले काम. मुलाचा हात तेथल्या तेथे धरला पाहिजे, ठामपणे सांगितले पाहिजे की मारायचे नाही. पण हात धरणे वेगळे आणि 'तू वाईट आहेस' असे ठरविणे वेगळे. हात धरला की मुलाला कळते की आपल्या रागापेक्षा मोठे कोणीतरी घरात आहे, आणि त्याचा त्याला आधारच वाटतो. वाईट ठरविले की त्याला कळते की आपला राग म्हणजेच आपण. मग ते एक तर तसेच वागू लागते, नाही तर हा मुलगा झाला तसे मुके होते.

आम्हांला आणखी एक गोष्ट कबूल करावी लागते. आमच्या शब्बाथ शाळेत दर नाताळात उत्तम वर्तणुकीचे बक्षीस असे. ते बहुधा सर्वांत शांत मुलाला जाई. त्या शांततेत समाधान किती आणि भीती किती, हे आम्ही कधी तपासले नव्हते. २०२२ सालापासून आम्ही ते बक्षीस बंद केले. हजेरीचे आणि पाठांतराचे चालू ठेवले आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये आम्ही दोघे-तिघे तोंडाला मास्क लावून त्या घरी गेलो आणि जिन्यात उभे राहून बोललो. आधी आम्ही आपली चूक सांगितली. आम्ही तुम्हांला जो सल्ला दिला तो न विचारता, न पाहता दिला, असे म्हणालो. बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सात महिन्यांत सगळ्यांनी विचारलं, तांदूळ आहेत का, तेल आहे का. झोप लागते का, हे कुणी नाही विचारलं." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तो खोटे बोलत नव्हता. आमच्या वहीत त्याच्या घरापुढे काय काय पोहोचविले याची नोंद होती. त्याच्याशी कोण बोलले याचा रकानाच तीत नव्हता.

आमच्या विचाराची सर्वांत मोठी उणीव येथे होती. राग बापापाशी थांबला पाहिजे हे खरे, पण बाप तो कोणाच्या बळावर थांबविणार? लोंबकळणाऱ्या माणसाला तू खांब हो असे सांगून चालत नाही. मुलाला बाप आधार देतो, तर बापाला आधार देणारे कोणी हवे. आजी गावी होती, मित्र आपापल्या घरांत कोंडलेले होते, उपासना बंद होती. मंडळी म्हणून जे आपण एरवी रविवारी सहज करतो, म्हणजे उपासना संपल्यावर दारापाशी घटकाभर उभे राहून "काय चाललंय?" असे विचारणे, तेवढेही कित्येक महिने झाले नाही. एरवी ते बोलणे आम्हांला रिकामटेकडे वाटे. ते किती भार उचलत होते, हे ते थांबल्यावर कळले. म्हणून जबाबदारी बापापाशी थांबते असे म्हणून आम्हांला हात झटकता येत नाहीत. ती पुढे आमच्या दाराशीही येते.

मग त्या बापाने एक गोष्ट केली, जी आम्ही सुचविली नव्हती. एका रात्री मुलाला अंथरुणावर घेऊन तो म्हणाला, "मी तुला मारलं ती चूक माझी होती. तू वाईट नाहीस." मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने अचानक विचारले, "पुन्हा मारणार का?" बाप म्हणाला, "मारणार नाही. ओरडेन कदाचित. पण ओरडलो तर येऊन सांगेन."

मुलाची क्षमा मागितल्याने बापाचा मान जातो, असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्याशी वाद घालण्याआधी एवढेच विचारू : मान कशावर उभा आहे? मुलाने बापाला चुकताना पाहिलेले असतेच. चूक लपत नाही. बापाने ती कबूल केली नाही, तर मुलापुढे दोनच वाटा राहतात. एक तर बाप खोटा आहे असे समजावे, किंवा आपणच वाईट आहोत म्हणून मार पडला असे समजावे. पाच वर्षांचे मूल बापाला खोटे ठरवू शकत नाही, कारण त्याचे सारे जग बापावर उभे असते. म्हणून ते दुसरी वाट धरते, आणि न केलेल्या अपराधाचे ओझे मनावर घेते. बापाची क्षमायाचना हे ओझे उतरविते. ट्रॉनिकच्या प्रयोगातली आई दगडी चेहरा सोडून पुन्हा बाळाशी बोलू लागते, त्यासारखेच हे आहे. मुलाला कधीही न चुकणारे आईबाप मिळणार नाहीत. चुकल्यावर परत येणारे मिळाले, तर त्यावर ते वाढू शकते. प्रेषित पौलाने मुलांना आज्ञापालन सांगताना त्याच श्वासात बापांनाही बजावले आहे की मुलांना इतके डिवचू नये की ती खचून जातील. आपण त्यातली पहिली अर्धी गोष्ट मुलांकडून पाठ करून घेतो. दुसरी अर्धी बापांकडून कोण पाठ करून घेणार?

सगळे लगेच सुरळीत झाले असे सांगून आम्ही वाचकांना फसविणार नाही. अंथरूण ओले होणे पुढे वर्षभर चालले. २०२१ च्या जानेवारीत बापाने ऑटोतून भाजी विकायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये सरकारने खाजगी शाळांच्या शिक्षकांना महिना २,००० रुपये आणि २५ किलो तांदूळ जाहीर केले, त्याचा आईला हातभार लागला. मग दुसरी लाट आली, आणि १२ मे पासून पुन्हा टाळेबंदी. सकाळी सहा ते दहा एवढीच मोकळीक. भाजीचा धंदा अर्धा झाला, आणि घरात पुन्हा आवाज चढला. पण या वेळी आवाज चढला की बाप उठून जिन्यात जाऊन बसे. काही दिवसांनी मुलगाही जाऊन त्याच्या दोन पायऱ्या खाली बसू लागला. दोघे काही बोलत नसत. आणि आमच्या बाईंचा फोन दर बुधवारी संध्याकाळी बापाला जाई, मुलाला नव्हे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. साथीत जी मुले चार-पाच वर्षांची होती, ती आता तुमच्या मोठ्या वर्गात बसत आहेत. त्यांतले एखादे चटकन हात उगारते, एखादे नजर वर करीत नाही, एखादे आई दिसेनाशी झाली की कावरेबावरे होते. प्रत्येकाचे कारण साथच असेल असे नाही; काही मुलांचा पिंडच तापट असतो, आणि कित्येक मुले त्या दिवसांतून धडधाकट बाहेर पडली आहेत. पण 'द्वाड' किंवा 'गुणी' असा शिक्का मारण्याआधी एकदा त्या घरी जा. मुलाविषयी विचारण्याआधी घराविषयी विचारा. आईला विचारा, बापाला विचारा, झोप लागते का ते विचारा. मुलाला मारहाण होत असल्याचे कळले आणि घरच्यांना ती थांबविता येत नसेल, तर पाळकांना सांगा आणि १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर कळवा. त्यात घराची बदनामी पाहू नका.

प्रभूने एका लेकराला मोठ्या माणसांच्या मध्ये उभे केले होते. त्या लेकराच्या वर्तणुकीची चौकशी त्याने केली नाही. त्याच्याकडे बोट दाखवून तो मोठ्यांशीच बोलला.

पाच वर्षांचे मूल वाईट असू शकते काय, असे त्या आईने विचारले होते. आज तिने फोन केला असता, तर आम्ही तिला आधी विचारले असते की तुम्ही आज जेवलात का, आणि पलीकडच्या खोलीत निजलेला माणूस रात्री जागा असतो का. त्यानंतर मुलाचे बोललो असतो. तो मुलगा आता सायकलवरून उपासनेला येतो, बहिणीला मागे बसवून. त्याचे अक्षर वाईट आहे आणि तो वर्गात फार बोलतो. बाईंनी अद्याप त्याला गप्प बसायला सांगितलेले नाही.